ज्याचा मामा कुठेच नाही, त्याने नोकरी कुठे शोधायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोजगार मेळाव्याची बातमी जिल्हा पानावर अधूनमधून असतेच. दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणे, कंपन्यांचे स्टॉल, फाइल छातीशी धरून रांगेत उभी असलेली पोरे आणि शेवटी इतक्या उमेदवारांची 'प्राथमिक निवड'. बातमी खोटी नसते, पण ती तिथेच संपते. त्यातले कामावर किती गेले आणि किती टिकले, हे नंतर कोणी विचारत नाही. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून माझी सारी नोकरी पोरांना कामाला लावण्याच्या खटपटीत गेली, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या साताऱ्याच्या भागात नोकरी कशी लागते, हे कोणाला सांगायला नको. पाटण-जावळीचा माणूस मुंबईत माथाडी कामाला गेला तो गाववाल्याच्या खोलीवर वळकटी टाकून. खटावचे आणि पलीकडच्या विटा-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, देशभर पसरले ते आधी पाव्हण्याच्या दुकानात हाताखाली राहून. यात वाईट काहीच नाही. दुष्काळात सरकारच्या आधी नात्यागोत्यानेच घरे तगवली. प्रश्न आहे तो ज्याचा मामा मुंबईतही नाही आणि एमआयडीसीतही नाही, त्या पोराचा. सरकारी रोजगार सेवा खरी त्याच्यासाठी असते. ज्याची ओळख आहे, त्याला तिची गरजच पडत नाही.

ही सेवा सुरू झाली तीच फौजेतून परतणाऱ्यांसाठी. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, 1945 मध्ये, मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना कामे मिळावीत म्हणून केंद्राने ही रोजगार कार्यालये काढली. अपशिंगे मिलिटरीसारखे फौजींचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्या साताऱ्याने तरी हे लक्षात ठेवायला हवे. फाळणीनंतर निर्वासितांची सोय इथूनच पाहिली गेली, 1948 पासून दार सर्वांना उघडले आणि 1956 मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे आला.

आमच्या पिढीला ते 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' आठवत असेल. नाव नोंदवायचे, नूतनीकरणाची तारीख चुकवायची नाही आणि कॉल निघायची वाट बघायची. सरकारी जागांसाठी नावे इथूनच मागवली जात, म्हणून कार्डाला किंमत होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ कार्यालयाच्या यादीवर थांबू नका, वृत्तपत्रातून जाहीर करून येणाऱ्या अर्जांचाही विचार करा. निकाल न्यायाचाच होता. पण कार्डाची मिरास गेली आणि 'ते ऑफिस आता काय कामाचे' असे लोक म्हणू लागले, ते अजून म्हणतात.

ऑफिस बंद पडलेले नाही. नाव मात्र लांबलचक झाले आहे: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. (एवढे नाव पोराने रिक्षावाल्याला कसे सांगायचे, ते नाव ठेवणाऱ्यांनाच विचारावे.) राज्याचे महास्वयम आणि 2015 पासून केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस अशी दोन पोर्टल आहेत. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. कंपनीने जागा कळवली की त्या शिक्षणाची, त्या ट्रेडची नावे काढून देता येतात. 2024 मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही नोंदणीच्या याच वाटेने गेली: बारावीला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. ते प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे. हे पोरांना आधी नीट सांगितले असते, तर मुदत संपल्यावर 'आता कायम करा' म्हणून निवेदने द्यायची पाळी कमी जणांवर आली असती.

मग अडते कुठे? एका पोराचे सांगतो. वेल्डर ट्रेड पास, हात चांगला. "सर, नाव नोंदवलंय, पण मेसेजच येत नाही," म्हणत घरी आला. त्याची नोंदणी उघडून पाहिली तर मोबाइल नंबर गावातल्या ज्या ऑनलाइन सेवा केंद्रावर फॉर्म भरला त्या केंद्रवाल्याचा. ओटीपी लवकर यावा म्हणून त्याने स्वतःचाच टाकलेला. शिक्षणात 'बारावी'. ट्रेडचा पत्ता नाही आणि कौशल्याचा रकाना कोरा. अशा पोराला कॉल जाणार तरी कुठून?

त्याला घेऊन कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी आधी नंबर बदलला आणि मग विचारायला सुरुवात केली.
"वेल्डिंग कसलं येतं? आर्क, का मिग?"
"मिग. थोडं टिगपण."
"रात्रपाळी?"
"चालंल."
"शिरवळला खोली करून राहशील?"
इथे पोरगा गप्प झाला. घरी दोन म्हशी, वडिलांना गुडघ्यामुळे वैरण आणणे होत नाही. "सातारा एमआयडीसीतच बघा ना, सर," म्हणाला. गृहस्थांनी ते टिपून घेतले. थोड्याच दिवसांत एका फॅब्रिकेशनच्या शेडमधून बोलावणे आले, काम लागले. पुढे चार पैसे जास्त मिळतात म्हणून ते सोडून तो दुसरीकडे गेला, तेही ठीकच. म्हशी आणि वडिलांचे गुडघे भरायला पोर्टलवर रकाना नाही. समोर माणूस बसला आणि त्याने विचारले, तेव्हाच ते कळते. माझ्या मते या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि सगळे ऑनलाइन करण्याच्या नादात तोच मागे पडतो आहे.

दुसरी बाजू कंपन्यांची. रिक्त जागा कळवणे 1959 च्या कायद्याने सक्तीचे केले. खासगीत 25 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. पण याच कायद्यात असेही म्हटले होते की कळवलेली जागा कार्यालयामार्फतच भरली पाहिजे असे नाही. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये. तेवढ्यासाठी कोणता कारखानदार घाबरणार होता? हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कागदोपत्री काहीही बदलो, शॉपफ्लोअरवरची भरती ठेकेदार करतो आणि ठेकेदार आपल्या ओळखीची माणसे आणतो. एचआरवाल्यांना विचारले तर ते म्हणतात, "तुमच्या यादीतली पोरं फोनच उचलत नाहीत." उचलणार कशी? फोन केंद्रवाल्याच्या खिशात वाजत असतो.

ही फट एजंटांनी बरोबर हेरली आहे. कंपनीत चिकटवतो म्हणून पहिला पगार घेणारे आहेत, आगाऊ रक्कम घेऊन नंबर बंद करणारेही आहेत. वास्तविक नोकरी शोधून देणारी सरकारी सेवा मोफत असावी, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1948 च्या 88 व्या करारात आहे आणि भारताने तो करार मान्य केलेला आहे. कार्यालयाबाहेर 'येथे कोणतेही शुल्क नाही' असा ठळक फलक लावायला किती खर्च येतो?

मुलींचे दुखणे आणखी वेगळे. मेळाव्यात पहिला प्रश्न येतो, "तिन्ही शिफ्ट चालतील?" गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जात असेल, तर दुसऱ्या पाळीच्या मुलीने काय करायचे? कंपनीची गाडी कुठपर्यंत येते, हे जागेच्या माहितीतच लिहून घ्यायला कार्यालयाला अडचण नसावी. पगार, पाळी, गाडी आणि ठेकेदारी की कंपनीची नेमणूक, हे चार तपशील आधी कळले तरी निम्म्या खेपा वाचतील.

माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्याच्या ठिकाणी, दहिवडीला, पाटणला, मेढ्याला, आठवडी बाजारादिवशी कार्यालयाचा एक माणूस लॅपटॉप घेऊन बसावा. त्याने जुन्या नोंदण्या उघडाव्यात, नंबर दुरुस्त करावेत, ट्रेड भरावा, घरची अडचण विचारावी. दर मेळाव्यानंतर तीन महिन्यांनी कामावर असलेल्यांचा आकडा कार्यालयाने जाहीर करावा. आणि आपल्याला विनंती अशी की मेळाव्याच्या बातमीइतकीच जागा आपण त्या आकड्यालाही द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
कोरेगाव, जि. सातारा