मुलांचा हक्क रोमचा, पत्नीचा अर्धा वाटा रोमचा नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत रोमन कायद्यावर पानभर लेख आला. मराठी दैनिकाने या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद झाला, आणि लेख वाचून तो टिकला नाही. लेखाचा सारा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: रोमन बापाला मृत्युपत्रात वाटेल ते करायची मुभा होती, ती सहाव्या शतकातल्या जस्टिनियन सम्राटाने मोडली, आणि पोर्तुगिजांनी तोच कायदा गोव्यात आणल्यामुळे इथे मुलांना व पत्नीला अर्धा वाटा मिळतो. यातला मुभेचा भाग फक्त आरंभीच्या काळापुरता खरा आहे. बाकीचे चूक आहे, आणि गोव्यात वारशाची वाटणी ज्यांच्या घरी चालू आहे त्यांची दिशाभूल करणारे आहे.

इ.स.पू. ४५१-४५० च्या बारा पाट्यांच्या कायद्यात कुटुंबप्रमुखाने आपल्या मालमत्तेबद्दल जे सांगितले तेच कायदा, असे कलम होते, हे मान्य. पण या मुभेला लगाम घालण्याचे काम जस्टिनियनच्या कित्येक शतके आधी सुरू झाले, तेही एका व्यावहारिक अडचणीमुळे. रोमन मृत्युपत्राचा पाया म्हणजे नेमलेला वारस. कर्जे त्याच्या डोक्यावर, देणग्या वाटण्याचे काम त्याचे. मालकाने सगळे देणग्यांतच वाटून टाकले की वारस वारसा नाकारी, आणि वारस नाही म्हणजे मृत्युपत्रच कोसळे. प्रथम फुरिया कायद्याने जवळचे नातलग सोडून कोणीही १००० आसपेक्षा (आस हे रोमन नाणे) जास्त देणगी घेऊ नये असे ठरवले. लोकांनी देणगी घेणारे वाढवले, प्रत्येकी हजार. मग इ.स.पू. १६९ च्या वोकोनिया कायद्याने सांगितले की देणगी घेणाऱ्या कोणालाही वारसापेक्षा जास्त मिळता कामा नये. लोकांनी आणखी लहान तुकडे पाडले, वारसाच्या हाती चिल्लर उरली. (याच कायद्याने पहिल्या वर्गातल्या श्रीमंत नागरिकाला मुलीलासुद्धा वारस नेमता येईना. लेखात रोमन कायद्याला स्त्रियांचा कैवारी म्हटले आहे म्हणून मुद्दाम लिहितो.) अखेर इ.स.पू. ४० मध्ये फाल्सिडिया कायदा आला. कर्जे वजा जाता उरलेल्या मालमत्तेचा किमान पाव हिस्सा वारसाकडे राहिलाच पाहिजे, देणग्या त्या प्रमाणात कापल्या जातील, असा सरळ हिशेब त्यात होता. देणगी घेणारे दहा असोत की शंभर, पळवाट उरली नाही.

हा पाव हिस्सा वारसासाठी होता, वगळलेल्या मुलासाठी नव्हे. मुलांचा हक्क दुसऱ्या वाटेने आला, आणि लेखात त्या वाटेचा उल्लेखच नाही याचे मला सर्वांत वाईट वाटते. शंभर न्यायाधीशांचे म्हणून ओळखले जाणारे सेंटुमवीर न्यायालय होते. कारण नसताना डावललेला मुलगा किंवा मुलगी तिथे तक्रार करी की हे मृत्युपत्र आईबापाच्या कर्तव्याला सोडून आहे. युक्तिवादाचा आधार असा की असे मृत्युपत्र करणाऱ्याचे डोके ठिकाणावर नसणार. वेड सिद्ध करावे लागत नसे, अन्याय दाखवावा लागे.

धाकटा प्लिनी या रोमन वकील-लेखकाने आपल्या एका पत्रात अशा दाव्याची हकीकत दिली आहे. आट्टिया विरिओला नावाच्या प्रतिष्ठित स्त्रीच्या बापाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी प्रेमात पडून नवी बायको घरात आणली आणि अकरा दिवसांत मुलीला वारशातून काढून टाकले. प्लिनी मुलीच्या बाजूने उभा राहिला. न्यायालयाची चारही मंडळे एकत्र बसली, १८० न्यायाधीश. माणसे वरच्या सज्जांतून वाकून ऐकत होती. निकाल दोन मंडळांत तिच्या बाजूने लागला, दोन मंडळांत विरुद्ध. सावत्र आईला एक षष्ठांश वाटा लिहून दिला होता, तो गेला. हे दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे. जस्टिनियनच्या जन्माला अजून जवळजवळ पावणेचारशे वर्षे होती. एका लेकीने भरल्या न्यायालयात बापाच्या मृत्युपत्राला आव्हान दिले, आणि आपल्या लेखकांच्या मते तेव्हा मुलांना हक्कच नव्हता!

या तक्रारीचे नियम हळूहळू पक्के झाले. मृत्युपत्र नसते तर मुलाला जेवढे मिळाले असते त्याचा एक चतुर्थांश दिला असेल, तर तक्रार चालत नसे. हा चतुर्थांश काढताना आधी कर्जे आणि अंत्यविधीचा खर्च वजा होई. उदाहरणार्थ, निव्वळ मालमत्ता १२ लाख सेस्टर्स (रोमन नाणी), मुलगे ३, तर प्रत्येकाचा पूर्ण वाटा ४ लाख आणि हक्काचा १ लाख. मुदत पाच वर्षांची. तक्रार हरली तर मृत्युपत्रात तक्रारदाराला जे काही लिहून दिले असेल तेही सरकारजमा. जिंकली तर बहुधा सगळे मृत्युपत्रच उडे, म्हणजे देणगी मिळालेले निरपराध लोकही बुडत. जिवंतपणीच सारे बक्षीस देऊन हा हक्क चुकवणाऱ्यांसाठी तिसऱ्या शतकात तशीच तक्रार बक्षिसांविरुद्धही मिळाली.

जस्टिनियनने केले ते यावरचे दुरुस्तीचे काम, आणि ते मोठे आहे. ५२८ मध्ये त्याने ठरवले की मुलाला थोडे जरी दिले असेल तर मृत्युपत्र उडवायचे नाही, तूट तेवढी भरून द्यायची. ५३६ मध्ये वाटा वाढवला: चारपर्यंत मुले असतील तर सर्वांना मिळून एक तृतीयांश, पाच किंवा जास्त असतील तर अर्धा. घाईत केलेल्या या नियमात खोट राहिली. चार भावंडांत प्रत्येकाला बारावा हिस्सा, पाच भावंडांत प्रत्येकाला दहावा. भाऊ वाढला की वाटा वाढतो! ५४२ मध्ये मुलांना वगळण्याची चौदा कारणे यादी करून दिली आणि मृत्युपत्रात कारण लिहिणे सक्तीचे केले. त्याचा कायदेमंत्री ट्रिबोनियन याच्या हाताखालच्या मंडळाने ५३० ते ५३३ या तीन वर्षांत सुमारे ३० लाख ओळींचे जुने कायदेपंडितांचे लेखन दीड लाख ओळींवर आणून डायजेस्ट तयार केले. त्यातला तिसऱ्या भागाहून जास्त मजकूर उल्पियन या एकट्या कायदेपंडिताचा आहे, आणि तो जस्टिनियनच्या तीनशे वर्षे आधी मारला गेला होता. ‘जस्टिनियनने कायदा लिहिला’ हे वाक्य छापताना एवढे तरी पाहायला हवे होते.

आता गोव्याकडे. इटलीतल्या बोलोन्यात अकराव्या शतकाच्या अखेरीस डायजेस्टचा अभ्यास पुन्हा सुरू झाला आणि ते शिक्षण पोर्तुगालमध्येही पोहोचले. तिथे ते स्थानिक रूढीत मिसळले. मुलांचा राखीव वाटा, म्हणजे लेजितिमा, पोर्तुगालमध्ये दोन तृतीयांश होता आणि मालकाच्या मर्जीचा फक्त तिसरा हिस्सा. जस्टिनियनच्या नियमापेक्षा हे पुष्कळ कडक. पोम्बाल या मंत्र्याच्या काळातल्या १७६९ च्या कायद्याने तर न्यायालयांना रोमन कायदा बुद्धीला पटेल तेवढाच वापरायला सांगितले. पोर्तुगीज कायदेपंडित सेआब्राने तयार केलेली १८६७ ची नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली तेव्हाही वाटा दोन तृतीयांशच होता. तो अर्धा झाला १९१० मध्ये, पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर. २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा २०१६ पासून लागू झाला, त्यानेही अर्धाच ठेवला.

आणि पत्नीचा अर्धा वाटा? तो रोमन नव्हेच. रोमन कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी राही, हुंडा नवऱ्याच्या हाती जाई, आणि दोघांनी एकमेकांना दिलेली बक्षिसे रद्दबातल ठरत. लग्नाने सारी मालमत्ता दोघांची सामायिक होते, ही पोर्तुगालची रूढी. १५२१ च्या आणि १६०३ च्या राजसंहितांनी ती सर्वसाधारण नियम म्हणून मांडली. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आजही हीच पद्धत लागते, आणि जमीन विकताना पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात त्या याचमुळे.

हा घोळ कागदावर राहत नाही. लेखकांनी पत्नी आणि मुले यांचे अर्धे-अर्धे वाटे एकत्र करून सांगितले, त्यामुळे बापाला काही लिहून देताच येत नाही असे वाचकाला वाटेल. खरा हिशेब असा. जोडप्याची मालमत्ता कर्ज वजा जाता १ कोटी. त्यातले ५० लाख पत्नीचे, वारसा म्हणून नव्हे, तिची मालकी म्हणून. नवऱ्याची मागे राहिलेली मालमत्ता ५० लाख. दोघांनी मिळून पुतण्याला पूर्वी २० लाखांची जागा बक्षीस दिली असेल तर तिचे निम्मे, १० लाख, हिशेबात परत मिळवायचे: ६० लाख. मुलांचे ३० लाख, मर्जीचे ३० लाख. मृत्युपत्रात मित्राला २८ लाख दिले तर बक्षिसासह ३८ लाख होतात. वरचे ८ लाख आधी मृत्युपत्रातून कापले जातात. पुतण्याच्या बक्षिसाला हात लागतो तो तेवढ्याने तूट न भरल्यासच. मृत्युपत्र रद्द होत नाही. जस्टिनियनचा ५२८ चा तूट भरण्याचा नियम आज म्हापशाच्या न्यायालयात असा जिवंत आहे. लेखात सांगण्यासारखी गोष्ट ही होती.

आणखी एक. लेखाबरोबर कॉलोझियमचे चित्र छापून खाली ‘रोमन न्यायाचे मंदिर’ असे लिहिले आहे. तिथे माणसे आणि जनावरे झुंजत. सेंटुमवीर न्यायालय फोरम या रोमच्या जुन्या चौकातल्या बॅसिलिका युलिया नावाच्या सभागृहात बसे. तिचे चौथरे आणि खांबांचे बुंधे अजून तिथे आहेत, त्यांचे छायाचित्र सहज मिळाले असते.

आपल्या दैनिकात चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, जाहिरातींखाली, चार ओळींत येते. या लेखाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वरच्या हिशेबासह छापावी ही विनंती.

आपला,
वारसाप्रकरणे चालवणारा एक वकील, उत्तर गोवा