पोटावरचा पांढरा ठिपका

चंद्रपूर, रविवार रात्र

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

‘आई, मी काही तुझ्या लॅबमधला नमुना नाही,’ म्हणून तू फोन ठेवलास. बरोबरच बोललीस. तो विषय आज काढायचाच नाही असं ठरवलंय. तुझ्या उंदरांबद्दल लिहिते.

अमेरिकेतल्या बार हार्बरच्या तुझ्या प्रयोगशाळेतून पाठवलेला फोटो बाबांना दाखवला. पांढराशुभ्र उंदीर, डोळे मात्र काळेभोर. किट जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की अंगावर रंग धरत नाही, रक्तही भरत नाही, हे मी वहीत लिहून घेतलंय. धडधाकट उंदराच्या एका मायक्रोलिटर रक्तात 90 लाख ते 1 कोटी तांबड्या पेशी, माणसाच्या जवळपास दुप्पट! तुझ्या पांढऱ्याच्या खूपच कमी, आणि आहेत त्या आकाराने मोठ्या. मी बत्तीस वर्षं न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे त्या बारीक रेघा आखलेल्या काचेवर, पेशी मोजल्या. डाव्या आणि वरच्या रेघेवरच्या धरायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. एलिझाबेथ रसेलबाईंनी जिथे या उंदरांच्या रक्ताचा अभ्यास केला, तिथे माझी मुलगी काम करते, हे दूधवाल्यालाही सांगून झालंय.

एकच प्रत बिघडली तर पोटावर पांढरा ठिपका उमटतो, म्हणालीस. उलटा धरला की कळतं. आपल्याला ठिपका नसतो गं. मला नव्हता, बाबांना नव्हता. रोज दुसऱ्यांच्या काचपट्ट्या बघत होते, स्वतःच्या रक्ताची तपासणी कधी केली नाही. तुझ्या भावाची, अक्षूची स्लाइड मीच रंगवली. विळ्यासारख्या पेशी दिसल्या आणि मी भिंग बदलून पुन्हा पाहिलं.

आलाच बघ विषय. माफ कर. पण तू एएस, म्हणजे सिकलसेलची वाहक आहेस आणि अनिकेत गोंदियाचा, तिकडेही हा आजार आहेच. त्याच्या रक्ताची एक सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, एवढंच. तोही वाहक निघाला तर लग्न करू नका असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. आता बाळ पोटात असतानाच तपासता येतं. दोघंही वाहक असले की बाळाला अक्षूसारखा आजार होण्याची शक्यता दर खेपेला चारात एक, रेवा. दर खेपेला. तुला काय सांगायचं म्हणा, तूच मला शिकवतेस.

निरोगी भावंडाची हाडातली मज्जा टोचली की त्या उंदराचा काउंट भरून येतो, असं मागे सांगितलंस. त्या दिवशी दूध उतू गेलं तरी मी ओट्यापाशी उभीच. पावसाळ्यात अक्षू गुडघे पोटाशी घेऊन कण्हायचा आणि तू सात वर्षांची, त्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसायचीस. तुझी मज्जा त्याला जुळते का, हे कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

डिंकाचे लाडू पाठवलेत. पाणी भरपूर पी, थंडीत तहान लागत नाही. अनिकेतला मीच फोन करू का? नको, राहू दे. तूच बघ. पण बघ.

तुझी
आई