जीआरईचे गाईड घेताना आवृत्तीचे साल बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात भाचीसाठी जीआरईचे (परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचे) पुस्तक घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानदाराने एक उशीएवढा ग्रंथ पुढे ठेवला. ‘काकू, सगळे हेच नेतात.’ जुने, म्हणून निम्म्या किमतीत. चाळून पाहिले तर विरुद्धार्थी शब्दांचे सरावच सराव! हा प्रकार ऑगस्ट २०११मध्येच परीक्षेतून गेला, शब्दजोड्याही (दोन शब्दांतले नाते ओळखायचे प्रश्न) त्याबरोबर गेल्या. तेव्हापासून इंग्रजी आणि गणित या विभागांचे गुण प्रत्येकी २०० ते ८०० नव्हे, १३० ते १७० असे मिळतात. म्हणजे हे पुस्तक वाचणारी मुलगी रात्री जागून जी तयारी करणार, तिचा निम्मा भाग परीक्षेत येणारच नाही. (इंग्रजी सुधारेल, हे खरे. पण परीक्षेचे शुल्क वीस हजारांच्या पुढे आहे.)

दुसरे पुस्तक कोरे होते आणि आत साल अलीकडचे होते. नीट पाहिल्यावर कळले, ते साल पुनर्मुद्रणाचे, आवृत्ती जुनीच. त्यात युक्तिवादाची चिकित्सा करणाऱ्या निबंधावर मोठे प्रकरण होते. २२ सप्टेंबर २०२३पासून तो निबंध नाही. पावणेचार तासांची परीक्षा दोन तासांच्या आत आली. निबंध आता एकच, अर्ध्या तासाचा.

मग जुने सगळे रद्दीत घालायचे का? मी गणित शिकवत असे, म्हणून हिशेब केला. २०२३पर्यंत गणिताच्या प्रत्येक भागात २० प्रश्न ३५ मिनिटांत सोडवायचे होते. आता पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६. एका प्रश्नाच्या वाट्याला तेव्हाही पावणेदोन मिनिटे होती, आताही जवळपास तेवढीच. प्रश्नांची जातकुळीही बदललेली नाही. तेव्हा २०११नंतरच्या आवृत्तीतले सुटे प्रश्न खुशाल सोडवावेत. पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या मात्र त्यातून देऊ नयेत, वेळेचा अंदाज चुकतो. त्यासाठी परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन चाचण्या संगणकावर फुकट मिळतात. खरे तर पुस्तक घेण्याआधीच त्यातली एक द्यावी, म्हणजे गणित कच्चे आहे की शब्दसंग्रह, ते कळते आणि गाईड त्याप्रमाणे घेता येते. आमच्याकडे उलटे झाले. आधी चौक, मग चाचणी.

दुकानदारांनी आणि अभ्यासिकांनी निदान २०११च्या आधीची पुस्तके वेगळ्या फळीवर ठेवावीत, एवढी विनंती.

भाचीने शेवटी २०१८ची आवृत्ती घेतली. दुसऱ्या निबंधाची पाने तिने घरी आल्याबरोबर स्टेपलरने बंद करून टाकली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे