बोअरचा चिखल फेकू नका, साहेब

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: खाडीपुलांच्या बोअरमधले गाळाचे नमुने जपून ठेवण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातला. पुलांच्या पायासाठी बोअर मारणाऱ्या ठेकेदाराकडे 22 वर्षं सुपरवायझर होतो. खाडीत तराफा उभा करायचा, केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून लोखंडी पाइप, खाली सोडायचं आणि खडकाची वाट बघायची, हे काम. खडक लागला की सगळे खूश. त्याचे तुकडे पेटीत क्रमाने मांडायचे, मीटर लिहायचे, फोटो काढायचे. वरचा दहा-पंधरा मीटर चिखल म्हणजे नुसती कटकट. त्यातल्या यूडीएसच्या नळ्या, म्हणजे दीड फुटाच्या लोखंडी नळ्या, दोन्ही तोंडांना मेण लावून प्रयोगशाळेत जायच्या. तिथे ताकद मोजली की चिखल उकिरड्यावर.

एकदा नळीतून काढलेला नमुना मी तारेने उभा कापला. काळा, मऊ, कुजक्या तिवरांचा वास येणारा गाळ. मध्येच बोटभर जाडीची पांढरट वाळू. वर पुन्हा तसाच काळा गाळ. वाळूची खालची कड सुरीने कापल्यासारखी. तळाशी जाड कण आणि शिंपल्यांचा चुरा, वर जावं तशी बारीक. तिच्यात चिखलाचे दोन-तीन गोळेही अडकलेले, जणू कुणी खालची जमीन ओरबाडून वाळूत कालवली होती. मी रजिस्टरमध्ये ‘सॅण्ड पार्टिंग’, म्हणजे वाळूची पातळ पट्टी, असं लिहिलं आणि फेकून दिलं. त्सुनामी अशीच वाळू आत आणून टाकते. पण ती त्सुनामीची वाळू होती असा माझा दावा नाही. तो थर तपासणाऱ्याच्या हातात गेलाच नाही, एवढंच मला खुपतं.

कारण असे थर वाचून काय कळतं ते जपानने दाखवलंय. सेंदाईच्या भातशेतीखाली समुद्राची वाळू सापडली होती, तिचा संबंध सन 869 च्या जोगान त्सुनामीशी जोडला गेला. पाणी किती आत आलं होतं याचा अंदाज त्या वाळूच्या पसाऱ्यावरून शास्त्रज्ञांनी 2011 च्या आधीच बांधला होता. 11 मार्च 2011 ला त्याच सपाटीवर पाणी पुन्हा तसंच आत शिरलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि चार-पाच तासांनी मुंबईत पाणी साधारण दोन मीटर चढलं. 15 माणसं गेली. आपल्याकडे त्सुनामीचा विषय निघाला की सगळे या आकड्यापाशी थांबतात. पण सप्टेंबर 1524 मध्ये दाभोळच्या समोर वास्को द गामाच्या जहाजांखालचा समुद्र वारा नसताना हादरला, असं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. (समुद्र आपल्यालाच भिऊन थरथरतोय, असं त्याने खलाशांना सांगितलं म्हणे. पुढाऱ्यांची ही सवय जुनी आहे.) दाभोळच्या उत्तरेला केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या पोटातली खापरं आणि हाडं बघून डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिथल्या थरांचा संबंध 1524 शी जोडला. त्यांच्या गणितात केळशीला त्या थरांपर्यंत पाणी चढायला मकरानमध्ये 9 च्या आसपासचा भूकंप लागतो. म्हणजे 1945 च्या पलीकडचं काहीतरी.

यावर शंका घ्यायला जागा आहे, आणि घ्यायलाच हवी. वाळू वाऱ्यानेही साचते, वादळानेही येते. जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्याकडे काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण एका गावाच्या एका टेकडीवर वाद घालत बसण्यापेक्षा बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा चार-सहा खाड्यांत त्याच काळाचा वाळूचा थर मिळतो का, हे बघता येईल. मिळाला तर त्यातले डायटम आणि फोरामिनिफेरा हे सूक्ष्म जीव सांगतात की वाळू खोल समुद्रातून आली की शेजारच्या पुळणीवरून. वय कार्बन-14 ने काढता येतं.

हे करायला पैसा कुठून, असं विचाराल. भोकं तर तुम्ही पाडतच आहात! रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या पुलांसाठी खाड्यांत बोअर लागणारच. निविदेत फक्त एक कलम वाढवा. प्रत्येक पुलाच्या काठावरच्या, अ‍ॅबटमेंटजवळच्या (म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराजवळच्या) एका बोअरमध्ये वरचे दहा मीटर सलग, नळीला नळी लावून घ्यावेत. नेहमीप्रमाणे दीड-तीन मीटर सोडून घेतलेल्या नळ्यांत बोटभर थर निसटून जातो. काठच यासाठी, की मधल्या धारेत भरती-ओहोटी सगळं धुऊन नेते. जुना गाळ टिकतो तो खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीत. नळ्या मेण लावून, वर-खाली बाण काढून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे सोपवाव्यात. ठेकेदाराचा एखाद-दुसरा दिवस जास्त जाईल. तो कुरकुरेल. आम्हीही कुरकुरलो असतो.

जिथे खाजणावर भराव टाकायचाय, तिथे तो पडायच्या आधी हे व्हायला हवं. मुरूम पडून रोलर फिरला की खालचा गाळ दबतो, थर चेपतात. आणि केळशीच्या टेकडीजवळ कुठलंही काम काढण्याआधी तिची कापलेली बाजू एकदा नीट नोंदवून घ्या. जेसीबीचा एक बकेट म्हणजे काही शतकं.

हैदराबादच्या केंद्राकडून 2007 पासून त्सुनामीचे इशारे मिळतात. मकरानहून पाणी निघालं तर आपल्याला काही तास मिळतील. पण त्या तासांत माणसं किती उंच न्यायची, आणि तोपर्यंत कुठला पूल वापरात राहील, हे ठरवताना हाताशी 1945 चा एकच आकडा असावा, हे मला पटत नाही.

नळ्यांवर बाण काढायला आणि लेबलं लावायला अनुभवी माणूस हवा असेल तर मी येतो. गुडघे दुखतात, पण तराफ्यावर अजून तोल जात नाही.

आपला,
एक निवृत्त बोअरिंग सुपरवायझर
ता. दापोली, जि. रत्नागिरी