ताई, तुम्ही आधी मला थांबवलंत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई लिहितो. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

त्या सकाळी तुम्हाला फोन लावला तेव्हा माझा डेस्कटॉप पाच वेळा बंद-चालू करून झाला होता. पंखा फिरायचा, कंपनीचं चिन्ह उमटायचं, बराच वेळ काहीच व्हायचं नाही आणि मग काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ यायची : बूट करण्याजोगं काही सापडत नाही. फोनवर हे सांगता सांगता माझं बोट सहाव्यांदा बटणाकडे गेलं होतं. तुम्ही विचारलंत, "आतून टकटक असा आवाज येतोय का?" मी नाही म्हणालो. "मग आशा आहे. तरी आत्ताच्या आत्ता बंद कर, प्लग काढ आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस." टकटक येत असती तर घरी काहीच करायचं नव्हतं, डिस्क थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्यायची होती, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

त्या डिस्कवर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मी भाषांतरकार आहे. 11 वर्षं एक शब्दसंग्रह जमवत आलोय, एकाच एक्सेल फाइलमध्ये. प्रत्येक शब्दापुढे मराठी पर्याय आणि तिसऱ्या रकान्यात तो का निवडला याचं टिपण. 'स्टेकहोल्डर'पुढे 'हितसंबंधी', आणि टिपण असं की 'भागधारक' नको, तो 'शेअरहोल्डर'ला आधीच दिलेला आहे. शब्द कुठल्याही कोशात मिळतील. ती टिपणं दुसरीकडे कुठेच नाहीत. माझ्याकडची प्रत दोन वर्षं जुनी होती.

तुमच्या आधी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकतो, तासाभराचं काम. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "तुला कॉम्प्युटर चालू करून हवाय की फाइली हव्यात?" ही दोन वेगळी कामं आहेत हे मला तोवर सुचलंच नव्हतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हेही विचारून घेतलंत. नव्हतं, नाहीतर आधी 48 अंकी रिकव्हरी की शोधावी लागली असती.

मग कॅबिनेट उघडलंत. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी सॅटा केबल बदलून पाहिलीत, कारण कधी कधी दोष तेवढाच असतो. या वेळी नव्हता. तुमच्या पेनड्राइव्हवर उबुंटू होतं, विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. त्यावरून मशीन सुरू झालं आणि पडद्यावर दोन पर्याय आले : वापरून पाहा किंवा इन्स्टॉल करा. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "इथे लोक घाईत दुसरं दाबतात." माझाच कॉम्प्युटर, माझीच बिघडलेली डिस्क, आणि तरी सगळं सुरळीत चालू होतं, कारण डिस्कवरचं विंडोज कोणी उठवतच नव्हतं. मेलं असं मी ज्याला म्हणत होतो, त्यातली फक्त उठण्याची वाट बंद झाली होती.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिचे आकडे तुम्ही मला बोट ठेवून दाखवलेत. 197 क्रमांकाची ओळ, करंट पेंडिंग सेक्टर, पुढे 312. "इतके सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत, हे डिस्क स्वतःच सांगतेय," तुम्ही म्हणालात. मी चेकडिस्कबद्दल, विंडोजच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामबद्दल, विचारलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. ते फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवतं, जुळवताना त्याच खचत चाललेल्या डिस्कवर लिहितं, आणि हिशेबात न बसणाऱ्या तुझ्या फाइली त्याला महत्त्वाच्या नसतात. हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतरची रात्र मी विसरणार नाही. तुम्ही नवी रिकामी डिस्क जोडलीत आणि डीडीरेस्क्यू नावाचं, खराब डिस्कवरून डेटा उतरवून घेणारं सॉफ्टवेअर लावलंत. एक एक फाइल उचलायची नाही, अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची, जेणेकरून जुन्या डिस्कला एकदाच श्रम पडतील. जिथे वाचायला अडतं तिथे ते अडून बसत नाही. पुढे जातं, सोपं सगळं आधी उचलतं आणि मग राहिलेल्या जागांकडे परत येतं. कुठे काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं, म्हणून मधे थांबवलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. तुम्ही दोनदा मुद्दाम थांबवलंत, डिस्क निवू द्यायला. पहिली फेरी मध्यरात्रीच्या सुमारास संपली. उरलेल्या किलोबाइटांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेटे. तो आकडा कधी अर्धा तास हलायचा नाही, मग एकदम चार पावलं खाली यायचा. तुम्ही तिथेच खुर्चीवर डोळे मिटून बसला होतात आणि आकडा हलला की न बघता विचारायचात, "किती?"

प्रतिमेतून फोल्डर उघडले तेव्हा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळी नावं जशीच्या तशी होती. माझी फाइलही होती. आणि ती उघडेना. फाइल खराब आहे, एवढंच येत होतं. त्या क्षणी मी उठून बाहेर गेलो, ते तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, यासाठीही आभार.

परत आलो तर तुम्ही तिची प्रत काढून एक्सटेन्शन, म्हणजे नावातला टिंबापुढचा भाग, बदलत होता. एक्सएलएसएक्स ही एक्सेल फाइल म्हणजे आतून झिपच, अनेक फाइलींचं एक गाठोडं, हे मला तेव्हा कळलं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, आणि न वाचता आलेला 4 केबीचा एक तुकडा नेमका तिथेच पडला होता. पुस्तकाची सूची फाटलेली, पानं शाबूत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्याची स्वतःची नोंद असतेच, तिच्यावरून तुम्ही सूची पुन्हा बांधून घेतलीत. फाइल उघडली. तुम्ही माऊस माझ्या हातात दिलात आणि बाजूला झालात. मी थेट शेवटच्या ओळीवर गेलो. कॉम्प्युटर बंद पडण्याच्या आदल्या रात्री अर्धवट सोडलेलं टिपण होतं तिथे, स्वल्पविरामावर थांबलेलं.

ताई, तुमच्याकडे विद्या आहे हे मला आधीपासून माहीत होतं. मला भिडलं ते तुमचं न करणं. दीड दिवसात तुम्ही त्या जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं नाहीत. प्रत्येक प्रयोग प्रतीवर. मला घाई झाली की तुम्ही हात मागे घ्यायचात, माझाही आणि स्वतःचाही. भाषांतरात मूळ मजकुराला हात लावायचा नाही हे मी रोज पाळतो, पण यंत्रासमोर बसून कोणी ते इतकं पाळतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही काही घेतलं नाहीत. नवी डिस्कही माझ्याकडेच ठेवून गेलात, ती आता फक्त प्रतींसाठी आहे. शुक्रवारी काम संपलं की जोडतो, फाइल उतरवतो, दोन-चार ओळी उघडून वाचतो आणि काढून कपाटात ठेवतो. दुसरी प्रत बहिणीच्या घरी असते. जुनी डिस्क पाकिटात घालून वर तारीख लिहिली आहे.

तो स्वल्पविराम मी त्याच संध्याकाळी ओलांडला. शब्द 'रिकव्हरी' नव्हता, 'कस्टडी' होता. लेखकाने तो कागदपत्रांविषयी वापरला होता, म्हणून 'ताबा' नको वाटत होता. आता तिथे 'सांभाळ' आहे आणि तिसऱ्या रकान्यात कारण.

तुमचा,
एक ऋणी भाषांतरकार