आमचे नाव छापून येत नसे, मंत्रीमहोदय

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

६ जानेवारीला, पत्रकार दिनी, आपण नाशिकला आलात आणि आम्हा जुन्या मंडळींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात. भाषणात आपण शब्द दिलात, की कागदपत्रांअभावी एकाही ज्येष्ठ पत्रकाराचा सन्माननिधी, म्हणजे निवृत्तांना सरकारकडून दरमहा मिळणारी रक्कम, अडणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. गेल्या आठवड्यात आपल्याच खात्याचे पत्र घरी आले: ‘३० वर्षांच्या अनुभवाचा सबळ पुरावा सादर न केल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ एवढेच. खाली सही आहे, ती कोणाची हे लागत नाही.

कार्यालयात विचारायला गेलो. टेबलामागचा मुलगा चांगला होता, पाणी दिले. म्हणाला, “काका, तुमच्या नावाने छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे आणा, दरवर्षाची दोन-दोन चालतील.”

साहेब, मी उपसंपादक होतो. उपसंपादकाचे नाव छापत नाहीत. बातमीदाराचे नाव बातमीच्या डोक्यावर येते, लेखकाचे लेखाखाली येते, मुद्रक-प्रकाशक-संपादकांची नावे तळाच्या ओळीत येतात, कारण वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा तसे सांगत होता. तो कायदा गेला आणि १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला. पण रात्रभर बसून अंक उभा करणाऱ्या माणसांची नोंद जुन्यात नव्हती आणि नव्यातही नाही. ज्या कामात नाव येतच नाही, त्या कामाचा पुरावा म्हणून नाव मागायचे, हा नियम ज्याने केला त्याने वर्तमानपत्राचे कार्यालय कधी आतून पाहिलेले नाही.

मी सुरुवात कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरे जुळवणारा, म्हणून केली. लाकडी केसच्या खणांतून एकेक खिळा, म्हणजे शिशाचे एक अक्षर, उचलून स्टिकमध्ये, हातातल्या पट्टीत, लावायचा. अक्षर उलटे, ओळ उलटी, वाचायची मात्र सुलटी. बोटांवर शिशाचा काळा थर बसे, तो साबणाने निघत नसे. पुढे फोटोटाइपसेटिंग आले, अक्षरे यंत्राने फोटो-कागदावर उमटू लागली, खिळे भंगारात गेले आणि मराठी बरी आहे म्हणून मला संपादनाच्या टेबलावर बसवले. टेलिप्रिंटरवरून पीटीआय-यूएनआय या वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या येत, त्या फाडून भाषांतराला घ्यायच्या. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटलेला तो फोटो-कागद, कापून पानावर चिकटवायचे. तालुक्यांची पाकिटे एसटीने येत. सुरगाण्याचा किंवा सटाण्याचा वार्ताहर म्हणजे बहुधा शाळामास्तर, नाहीतर पेपरविक्रेताच. तो पाकीट कंडक्टरच्या हाती देई आणि आमचा शिपाई ते सीबीएसवर, नाशिकच्या मुख्य बसस्थानकावर, जाऊन उतरवून घेई. रात्री आधी बाहेरगावची डाक आवृत्ती सोडायची, मालेगाव-मनमाड-येवल्याच्या गाडीत गठ्ठे चढवायचे, मग शहर आवृत्तीला लागायचे.

एक गोष्ट मात्र कितीही उशीर झाला तरी डाक आवृत्तीत जायलाच हवी, ती म्हणजे लासलगावचे कांद्याचे भाव. कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. अग्रलेखात चूक झाली तर एखादे पत्र येई. भावाचा आकडा चुकला तर शेतकरी सकाळी दारात उभा, आणि त्याचे बरोबरच होते. त्या एका आकड्यावर तो ट्रॅक्टर जुंपायचा की थांबायचे हे ठरवत होता. मुंबईच्या मोठ्या दैनिकाला ही जबाबदारी कळली नसती. जिल्ह्याच्या दैनिकाला ती रोज पेलावी लागे.

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातली चेंगराचेंगरी. ३९ माणसे गेली. त्या रात्री सिव्हिलमधून आमचा बातमीदार फोनवर नावे सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. माणसे परप्रांतातली, नावे अनोळखी, फोनवर गलका. प्रत्येक नाव मी त्याच्याकडून परत वदवून घेतले, गाव परत विचारले. यादीत एक नाव चुकले तर कुठल्यातरी घरात जिवंत माणसासाठी आकांत होईल, किंवा मेलेल्याची वाट पाहिली जाईल. अंक सुटला तेव्हा माझ्या हाताला कंप होता. साहेब, त्या पानावर माझे नाव नाही. मग त्या रात्री मी कुठे होतो, असे आपल्या खात्याचे म्हणणे आहे?

नियुक्तिपत्र मागता. आमच्या काळी मालक म्हणत, “उद्यापासून या,” तेच नियुक्तिपत्र. पगार व्हाउचरवर. पीएफ कापला जाऊ लागला तो फार उशिरा, आणि तोही सलग नाही. आमचे दैनिक बंद पडले तेव्हा शेवटचे काही पगार बुडाले ते बुडालेच. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ पासून होता. पत्रकारांचे पगार ठरवणारा मजिठिया वेतन आयोग ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाला आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आमच्याकडे त्या आयोगाची बातमी छापून आली, पगार आला नाही. हे सगळे सरकारच्या डोळ्यांदेखत झाले. मालकाने कागद दिला नाही तेव्हा सरकारने त्याला विचारले नाही, आणि आता तोच कागद माझ्याकडे मागता.

माझा एक डोळा जवळजवळ गेला आहे. पिवळ्या बल्बखाली ओली प्रुफे वाचण्यात तो गेला, असे डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणतो. पत्नीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन दोन वर्षे पुढे ढकलतो आहोत. मुलगा सातपूरला कंत्राटी कामावर आहे, त्याच्यापुढे हात पसरायचा किती? सन्माननिधी ११,००० चा २०,००० केल्याची जाहिरात आपण सगळ्या वर्तमानपत्रांत दिलीत. त्या २०,००० नी माझी औषधे आणि घरभाडे भागले असते. यात मी भीक मागत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

ही योजना बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने चालते. त्यांनी ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला सुरू केले, ते इंग्रजी-मराठी दोन रकान्यांत. ते रकाने खिळे लावून जुळवणारे हात कोणाचे होते, ते आज कुणाला माहीत आहे? ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून १९५१ पर्यंत चालले, शतकाहून जास्त. तेवढी वर्षे ते कोणीतरी रात्री बसून काढले असेल. आपल्या जिल्ह्याचे बघा: दादासाहेब पोतनीसांनी १९३८ मध्ये मालेगावात ‘गावकरी’ साप्ताहिक म्हणून सुरू केले, ते पुढे नाशिकचे दैनिक झाले, मग ‘देशदूत’ आले. माझे दैनिक या दोन्हींपैकी नव्हे, लहान होते. पण धरणग्रस्तांची, द्राक्षवाल्यांची, विडी कामगारांची बातमी मुंबईला कळायच्या आधी याच पानांवर आली. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे एवढे मोठे अधिवेशन झाले, त्याच्या आधीच्या गावोगावच्या बैठका कुठे नोंदल्या गेल्या असतील? जिल्ह्याच्या दैनिकातच.

आणि ती पाने आज कुठे आहेत? आमच्या दैनिकाच्या बांधीव फायली, वर्षाला बारा, जागा विकली तेव्हा रद्दीच्या टेम्पोत गेल्या. मी वाचवायला गेलो, तोवर काटा लागून चुकला होता. १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने अंकाची प्रत ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवावी असा. तो कोणी पाळला, कोणी तपासला? एकीकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाल्याचे पेढे वाटलेत. नाशिकला २०२१ च्या डिसेंबरात साहित्य संमेलन झाले, ग्रंथदिंडी निघाली. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींची भाषा चालू आहे. त्यातला एक अंश, एक टक्कासुद्धा नको, जिल्ह्यातल्या जुन्या दैनिकांच्या उरलेल्या फायली स्कॅन करायला द्या म्हटले तर तरतूद नाही. घाटांवर कमानी उभारायला तरतूद आहे. मागच्या सिंहस्थांत काय चुकले हे ज्या पानांवर लिहिले आहे, ती वाचवायला नाही.

खरे तर माझ्या एका अर्जाचे हे भांडण राहिलेले नाही. सरकारी जाहिरातींची बिले वर्षवर्ष थकवायची, त्यात छोटे दैनिक बंद पडले की त्याच्या माणसांना ओळखायचे नाही, आणि दरवर्षी ६ जानेवारीला लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणून भाषण करायचे. पक्ष बदलले, मंत्री बदलले, भाषण तेच राहिले. मी अशी कितीतरी भाषणे संक्षिप्त करून छापली आहेत, त्यामुळे मला ती पाठ आहेत. माझ्यासारखे, म्हणजे टेबलावरचे, मुद्रितशोधक, तालुक्याचे वार्ताहर, या जिल्ह्यात शे-दोनशे तरी निघतील. काही गेले. एकाच्या दहाव्याला आम्ही चंदा काढला.

माझे मागणे असे. ज्यांच्याकडे नियुक्तिपत्र नाही, त्यांच्यासाठी दोन समकालीन सहकाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरा. जुनी व्हाउचर, पीएफची तुटक नोंद, जे असेल ते एकत्र वाचा, एकेक कागद वेगळा काढून नाकारू नका. अर्ज तपासणाऱ्या समितीत टेबलावर काम केलेला एक तरी माणूस बसवा. आणि जिल्ह्यातल्या दैनिकांच्या ज्या फायली अजून कुठे माळ्यावर, कुठे वाचनालयाच्या तळघरात आहेत, त्या या पावसाळ्याआधी ताब्यात घेऊन जपा.

उत्तर लेखी द्यावे, सही वाचता येईल अशी करावी. कार्यक्रमातले आश्वासन मी यापुढे धरणार नाही. महिनाभरात उत्तर आले नाही तर मी आणि माझ्यासोबतचे सगळे अर्जदार सर्व कागद घेऊन आपल्या पुढच्या नाशिक दौऱ्यात आपल्या समोर येऊ.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
पंचवटी, नाशिक