कारण सांगून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पोपटाच्या, शामाच्या ताज्या तपासणीचे आकडे तुमच्याकडे आहेतच, म्हणून ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे पत्र आहे ते तुम्ही आम्हाला तिथपर्यंत ज्या पद्धतीने आणलंत तिच्याबद्दल. सर्वांना वाचता येईल असं ते लिहिते आहे, कारण पोपट पाळणारे जे कोणी भेटतात ते आम्ही अडकलो होतो तिथेच अडकलेले दिसतात. पक्ष्याला काय खायला घालायचं हे दोन डॉक्टरांना विचारलं, दोन उलट उत्तरं मिळाली. आता ऐकायचं कोणाचं?

शामा आमच्या घरी आली तेव्हा ती वयाने मोठी होती, आणि सूर्यफुलाच्या बियांखेरीज कशालाही चोच लावत नव्हती. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, बिया आजपासून पूर्ण बंद, वाटीत फक्त पेलेट (पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) ठेवा, भूक लागली की खाईल. दुसरे म्हणाले, जंगलात कुठे पेलेट असतात, बिया आणि फळं हाच पोपटाचा खरा आहार. दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. मात्र "असं का?" याचं उत्तर दोघांकडूनही मिळालं नाही.

तुम्ही सुरुवातच वेगळी केलीत. आम्ही काय घालतो हे न विचारता ती काय खाते हे विचारलंत. वाटीत पडलेलं आणि पोटात गेलेलं यात पोपटाच्या बाबतीत किती अंतर असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाकिटावर 'जीवनसत्त्वयुक्त' लिहिलेल्या मिश्रणात ती जीवनसत्त्वं बऱ्याचदा दाण्याच्या टरफलावर लावलेली असतात, आणि पोपट टरफल सोलून टाकून देतो. पाकिटात दहा प्रकारचे दाणे असले तरी तो त्यातले आवडते दोन निवडतो. म्हणजे पाकिटावरचा तक्ता कितीही खरा असला तरी पक्ष्याचा आहार तो नव्हेच. पिंजऱ्याच्या तळाशी काय उरलं ते रोज बघा, हा तुमचा पहिला सल्ला होता. त्याला काडीचाही खर्च नाही, आणि तोपर्यंत कोणीच तो दिला नव्हता.

मग तुम्ही तिची चोच हलकेच उघडून टाळूची फट दाखवलीत. तिच्या कडेला बारीक काट्यांसारखे उंचवटे असायला हवेत. शामाचे बोथट झाले होते. 'अ' जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडलं की तोंडाचं आणि श्वासमार्गाचं ओलसर अस्तर जाड, कोरडं होत जातं, जंतूंना तिथे सहज शिरकाव मिळतो, आणि या उंचवट्यांवर त्याची खूण उमटते, असं तुम्ही समजावलंत. आहाराबद्दलचं एक विधान मला माझ्या डोळ्यांनी, माझ्याच पक्ष्याच्या तोंडात तपासता आलं. तुमच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

सूर्यफुलाचं गणितही तुम्ही कागदावर मांडलंत. सोललेल्या 100 ग्रॅम बियांमध्ये जवळपास 50 ग्रॅम चरबी, कॅल्शियम 80 मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस त्याच्या आठपट. पोपटाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीचं, शक्यतो जास्त हवं. इथे सगळं उलटं. त्यात शामा आफ्रिकन ग्रे, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येण्यासाठी पोपटांमध्ये सर्वांत प्रसिद्ध असलेली जात. रक्ततपासणीत नुसतं एकूण कॅल्शियम न बघता आयनित, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम का बघायचं, हेही तुम्ही सांगितलंत: शरीराच्या प्रत्यक्ष कामी येतं ते तेवढंच. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन तिला 'ड' जीवनसत्त्व देत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते, हे ऐकून आम्ही तिची उन्हाची जागाच बदलली. अशा किरणांचा दिवा दिल्यावर ग्रे पोपटांचं आयनित कॅल्शियम वाढल्याचं 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं, आणि पायोनस पोपटांवर तोच परिणाम तितका ठळक नव्हता, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. एका जातीवरून दुसरीबद्दल बोलताना जपून, हा त्याचा अर्थ.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यानंतरचं. मी विचारलं, "मग पेलेट हेच शास्त्रीय उत्तर आहे ना?" 'हो' म्हणून मोकळं होणं तुम्हाला सहज शक्य होतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, आणि कोणती गोष्ट किती भक्कम पायावर उभी आहे ते एकेक करून सांगितलंत. कोंबड्या, टर्की, बदकं यांना कोणतं पोषक द्रव्य किती लागतं याचे तक्ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 सालच्या आवृत्तीत दिलेले आहेत. पोपटांच्या जवळपास 400 जाती आहेत, पण त्यांच्यासाठी त्या तोडीचे तक्ते नाहीत. जे माहीत आहे ते बरंचसं कोंबड्यांवरून, आणि थोडं कॉकाटील-बजरीगारसारख्या लहान पोपटांवरच्या प्रयोगांवरून आलेलं आहे. कॉकाटीलच्या पिल्लांची वाढ 20 टक्के प्रथिनांवर उत्तम होते, असं 1986 च्या एका अभ्यासात आढळलं. पण तो आकडा वाढत्या पिल्लांचा, आणि शामा प्रौढ ग्रे. पेलेट म्हणजे आज हाताशी असलेल्या माहितीवर केलेला सर्वांत चांगला अंदाज, नुसत्या बियांपेक्षा निश्चितच चांगला, पण प्रत्येक पोपटासाठी सिद्ध झालेलं सूत्र नव्हे. हे तुमचेच शब्द, आणि ते मी वहीत लिहून ठेवले आहेत.

डॉक्टरने "इथे माझी खात्री आहे, इथे माझा अनुभव आहे, आणि इथे कोणालाच पक्कं ठाऊक नाही" अशा तीन वेगळ्या पायऱ्या दाखवल्या की पालकाच्या मनातला गोंधळ वाढेल, असं काहींना वाटत असेल. माझा तर ओसरला. आधीच्या दोन डॉक्टरांचे सल्लेही त्या पायऱ्यांवर ठेवून पाहता आले. बिया कमी करा हे पहिल्यांचं म्हणणं भक्कम पायावरचं होतं. भूक लागली की खाईल, हे मात्र धोक्याचं. ओळखीचं अन्न दिसेना झालं तर पोपट पेलेटला अन्न न समजता उपाशी राहू शकतो, आणि लहान जातींचा तर तेवढ्याने एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दुसऱ्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं, जंगली पोपट बिया खातातच. पण जंगलातली ग्रे पामची फळं, बिया, फुलं असं नाना प्रकारचं खाते आणि ते मिळवायला मैलोन् मैल उडते. पिंजऱ्यात बसून एकाच तेलबीवर जगणाऱ्या पक्ष्याला तिचा दाखला लागू पडत नाही. दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची वेळच आली नाही. किती मोठा भार उतरला म्हणून सांगू!

आहार बदलण्याची तुमची पद्धत इथे थोडक्यात लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी तराजू. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा तराजू, त्यावर बसायची दांडी, आणि रोज सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, खाण्याआधी वजन. शामासारख्या 400 ते 500 ग्रॅमच्या पक्ष्यात दहा टक्के घट म्हणजे जेमतेम 40-50 ग्रॅम. डोळ्यांना ती दिसत नाही, पिसांखाली झाकली जाते. घट तिथवर पोचायच्या आतच थांबायचं, जुनं अन्न परत द्यायचं आणि फोन करायचा, ही तुमची अट होती. विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी झाली तर पोटात काही जात नाही असं समजायचं. सकाळच्या भुकेला पेलेट आणि भाज्या पुढे करायच्या, बिया संध्याकाळी मोजून द्यायच्या आणि हळूहळू कमी करत न्यायच्या. उकडलेल्या रताळ्यावर पेलेटचा चुरा भुरभुरायचा. आणि तिच्यासमोर बसून आपण चवीने खायचं. पोपट थव्यात जगणारा पक्षी, सोबतचे खातात ते खायला तो धजावतो. आमच्याकडे गाजराला चोच लागली ती अशीच. त्या सकाळी घरात कोणालाच बोलायचं सुचेना, इतका आनंद झाला होता.

पूरक औषधांबद्दल तुम्ही वेळीच हात धरलात. मी पाण्यात घालायचे जीवनसत्त्वांचे थेंब घेऊनच आले होते. तुम्ही सांगितलंत की पाण्यात ती लवकर निकामी होतात, पाण्यात जंतू वाढतात, चव बदलल्यामुळे पक्षी पाणीच कमी पितो; आणि पेलेट सुरू झाल्यावर वरून आणखी देणं म्हणजे जास्तीचा धोका. प्रौढ कॉकाटीलना 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेपेक्षा त्याचा अतिरेक अधिक बाधतो, असं 2003 च्या एका अभ्यासात दिसल्याचं तुमच्याकडूनच कळलं. गाजर, रताळं, लाल भोपळा यांतून मिळतं ते बीटा कॅरोटीन. त्यातून शरीर गरजेपुरतंच 'अ' जीवनसत्त्व बनवतं, म्हणून ती वाट सुरक्षित. 'ड'चंही तसंच, मकाव पोपटांना त्याचा अतिरेक फार लवकर बाधतो. ज्याची कमतरता आहे ते भरपूर द्यावं, असं वाटणं किती साहजिक आहे! म्हणूनच हा भाग मी ओळखीच्या प्रत्येक पोपटपालकाला सांगत असते.

काही बाबतीत तुम्ही जराही मोकळीक ठेवली नाहीत, त्याबद्दलही आभार. अव्होकाडो नाही, चॉकलेट नाही, कॉफी-चहा नाही, दारू तर नाहीच. अव्होकाडोतलं पर्सिन पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूला इजा करतं, आणि इथे चर्चेला जागा नाही, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांबाबतही तसंच. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोधच मुळी 1960 मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीमुळे लाखभर टर्की पक्षी मेल्यावर लागला, हे ऐकल्यापासून शंका येणारा एकही दाणा घरात राहत नाही. कुठे खात्री आहे आणि कुठे नाही, हे सांगणाऱ्या माणसाचं 'नाही' किती वजनदार लागतं!

मी तुम्हाला थोड्या संकोचाने विचारलं होतं, पेलेट विकणाऱ्या दवाखान्याने पेलेटचीच शिफारस केली तर ती मानावी का? तुम्ही रागावला नाहीत. विकणाऱ्याचा सल्ला चूकच असतो असं नाही, म्हणालात, पण त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा: हाच प्रकार का, आणि माझ्या पक्ष्याला तो मानवतो आहे हे आपण कशावरून ठरवायचं? ज्याला उत्तर देता येतं त्याचं ऐका. मग तुम्ही दोन-तीन कंपन्यांची नावं दिलीत, कुठूनही घ्या म्हणालात, आणि रंगीत पेलेट टाळायला सांगितलंत, कारण त्यांच्या रंगाने विष्ठेचा रंग बदलतो आणि आजार ओळखणं अवघड होतं. इतकं साधं, उपयोगी कारण!

आमच्या ओळखीच्या एका घरात लोरी आहे. शामाचा बदल पाहून त्यांनीही पेलेट आणायचं ठरवलं होतं. मी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही लगेच थांबवलंत. लोरी मधुरस आणि परागकण खाणारी, जिभेच्या टोकाला कुंचा असलेली जात. तिच्या यकृतात लोह साठण्याचा धोका असतो, तिचा आहार वेगळाच हवा. तुमची पेशंट नसलेल्या त्या पक्ष्यासाठी तुम्ही जेवणाच्या सुट्टीत फोनवर वेळ दिलात, हे त्या घरचे विसरलेले नाहीत. त्यांचेही आभार या पत्रातून पोचवते.

आणखी एक. जंगलात पोपटाचे दिवसाचे चार-सहा तास अन्न शोधण्यात जातात, आणि पिंजऱ्यात वाटी तासाभरात संपते; उरलेल्या वेळाचं त्याने काय करायचं, हा प्रश्न तुम्ही आहाराच्याच यादीत घातलात. नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचे पेलेट दिल्यावर ॲमेझॉन पोपट ते पायात धरून बराच वेळ कुरतडत बसले, असा 2010 चा एक प्रयोग तुम्ही सांगितला होता. आम्हीही मोठे पेलेट आणले, काही कागदात गुंडाळले, काही लाकडाच्या भोकांत खुपसले. शामा आता सकाळभर कामात असते. छातीवरची पिसं उपटणं कमी झालं आहे. ते आहारामुळे की या उद्योगामुळे, हे तुमच्याकडून शिकल्याप्रमाणे मी ठामपणे सांगणार नाही.

पुढच्या तपासणीला वजनांची वही घेऊन येते. राळ्याचं कणीस बक्षीस म्हणून आठवड्यातून किती वेळा चालेल ते विचारायचं आहे, आणि अतिनील दिवा किती दिवसांनी बदलायचा तेही. ओळखीच्या काही जणांनी तुमच्याकडे यायची इच्छा दाखवली आहे. त्यांना पक्ष्याचं अन्न, उरलेलं टरफल आणि विष्ठेचा ताजा कागद सोबत आणायला सांगितलं आहे.

तुमची कृतज्ञ,
शामाची पालक